प्रतिसाद: टीसीसीचं डॉक्युमेंटेशन वेगळ्या विकीवर नको

वर सुचवलंय की टायनी सी कंपायलरचं (टीसीसी, म्हणजे सी भाषेतला कोड चालण्याजोगा करणारा छोटा प्रोग्राम) मॅन्युअल मराठीत आणून वेगळ्या विकीवर ठेवावं. मराठीत आणायला माझा मनापासून पाठिंबा, पण वेगळ्या विकीला ठाम विरोध. सोर्सपासून लांब गेलेलं मॅन्युअल वर्षभरात शिळं होतं.

टीसीसीत एखादा ऑप्शन (कमांडसोबत लिहायची ‘-’ने सुरू होणारी सूचना) बदलला की तीन ठिकाणी हात घालावा लागतो: लिबटीसीसी.सी मधली ऑप्शनची यादी, टीसीसी.सी मधला मदतीचा मजकूर आणि टीसीसी-डॉक.टेक्सी, म्हणजे मॅन्युअलची मूळ फाइल. मॅन पेज आणि एचटीएमएल त्या टेक्सी फाइलवरूनच तयार होतात, म्हणून दुरुस्ती तिथेच करायची, एचटीएमएलमध्ये नाही. मराठी मजकूरही त्याच फाइलच्या शेजारी, गिटमध्येच (सोर्सच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) हवा.

आणि खरी गरज उदाहरणांची आहे. खानापूर, निपाणीकडून बेळगावात शिकायला येणारी मराठी माध्यमाची मुलं लॅबमध्ये जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या सवयीने ‘टीसीसी -रन वर्ग.सी -एलएम’ असं लिहितात. ‘-रन’ म्हणजे कंपाइल करून लगेच चालवा, ‘-एलएम’ म्हणजे गणिताची लायब्ररी जोडा. फाइलच्या नावापुढचं सगळं टीसीसी त्या प्रोग्रामला आर्ग्युमेंट म्हणून देतो, त्यामुळे ‘-एलएम’ लिंकरपर्यंत (लायब्ररी जोडणाऱ्या भागापर्यंत) पोचतच नाही. ते ‘-रन’च्या आधी हवं. पोरं बिचारी कोडमध्ये चूक शोधत बसतात! ही एक ओळ मॅन्युअलमध्ये उदाहरणासकट असलीच पाहिजे.

शिवाय प्रत्येक पानावर आवृत्ती लिहा. ०.९.२७ डिसेंबर २०१७ ची. त्यानंतरचं बरंच काम मॉब ब्रँचवर (गिटमधली कोणालाही बदल टाकता येणारी शाखा) झालंय आणि काही लिनक्स वितरणं तिथलाच कोड देतात. ‘टीसीसी -व्ही’ने आपली आवृत्ती कळते. ‘-रन’चा भाग मी लिहायला घेतो, ‘-बी’ (मेमरीच्या मर्यादा तपासणारा ऑप्शन) कोणी घ्याल का?