दुपारची बंद दुकानं

कोणीतरी लिहिलंय की कोकणात दुपारी एक ते चार दुकानं बंद, म्हणजे माणसं आळशी, नुसत्या गजाली, म्हणजे गप्पा, मारत बसणारी. एप्रिलात भर दुपारी दोनला कातळावर उभं राहून दाखवा, मग बोलू. आमचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. ऊन चढायच्या आत आंबे उतरवायचे, तेही घळाने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, देठासकट. देठ तुटून चीक फळावर ओघळला की डाग पडतो आणि भाव गेला. शेजारच्या काकू काजूबिया फोडतात. हाताला राख चोळतात, तरी चिकाने बोटांची सालं निघतात. लग्नकार्यात हात पदराखाली धरून बसतात. त्यांना आळशी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

एक मात्र कबूल. मान मुंबईच्या नोकरीला, गावच्या शेतीला नाही, ही खोड आपलीच. १९८२ च्या गिरणी संपापर्यंत मुंबईच्या गिरणीतली मनिऑर्डर यायची. आता पोरं तिकडे कंपनीत बारा-बारा तास राबतात आणि इथे घरच्या बागेत राखणीला नेपाळी माणसं ठेवावी लागतात.

आणि गजालींचं म्हणाल, तर त्या जाळी शिवतानाही चालतात हो!