थंडीत गोळी खाली लागते: दोष दारूचा की नेमाचा?

रंकाळाकाठ: मावसभाऊ कॅनडात असतो. तिथं रीतसर लायसन्स काढून हरणाची शिकार करतो, काडतुसं घरी स्वतः भरतो. जुलैत ३० अंशाला रायफलीचा नेम १०० यार्डांवर बसवला. नोव्हेंबरात उणे १५ ला ३०० यार्डांवर गोळी वीतभर खाली! माझं मत स्पष्ट आहे, दारू गारठली. (पावडर म्हणतोय, शनिवारची नव्हे.) गार दारू सावकाश जळते, दाब पडतो, वेग घटतो. स्वतः भरणाऱ्यानं उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं काडतूस वेगळंच ठेवावं.

तांबडा_पांढरा: भावा, वीतभर? हिशोब कर की. तापमानाला हळव्या जुन्या पावडरीत फॅरनहाइटच्या एका अंशामागं साधारण एक फूट वेग जातो. तुझा फरक ८१ अंशांचा, म्हणजे सेकंदाला २८०० फुटांचे २७२० झाले. ३०० यार्डांवर त्याची किंमत दीड इंच. थंड हवा दाट असते, ती गोळीला जास्त अडवते. तिचा आणखी इंचभर धर. झाली तीन बोटं. उरलेली वीत भावाच्या खात्यावर. जाड हातमोजे घालून घोडा ओढला असणार.

पन्हाळा_पायथा: दारूला इतकं हलकं घेऊ नका. कॉर्डाइटच्या (जुनी बिनधुराची दारू) काळात इंग्लंडातले कारखाने हिंदुस्थान-आफ्रिकेसाठीच्या काडतुसात मुद्दाम दारू कमी भरायचे, इथल्या उन्हात दाब चढायचा म्हणून. जोडनळी बंदुकीत तर दोन्ही नळ्यांचे बार ठरावीक वेगालाच एका जागी पडतात. रिग्बी या इंग्रज बंदूकवाल्यांचं १९११ चं .४१६ काडतूस बघा, दारू भरायचं कवच केवढं ऐसपैस! दाब आवाक्यात राहावा म्हणूनच. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या पेंढा भरलेल्या वाघांकडं बघताना मला हेच आठवतं.

उसाचा_फड: वाघ आठवतो, १९७२ चा वन्यजीव कायदा आठवत नाही? इथं गवा फडात शिरला तरी बंदूक काढता येत नाही आणि तुमचं कॅनडातल्या हरणावर चाललंय.

तांबडा_पांढरा: @उसाचा_फड कायदा तिथला वेगळा. आणि इथं कुणी काडतुसं भरायच्या नादाला लागू नये, १९५९ च्या शस्त्र कायद्यानं त्यालाही परवाना लागतो.

दहा_पूर्णांक_नऊ: मी पॉइंट टू-टू (.२२) रायफलीनं नेमबाजी करते. आमच्यात कुणी काडतूस भरत नाही, कारखान्याचंच घ्यायचं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरला कांस्य मिळवलं, तो खेळ हाच. आम्ही काडतुसांचा लॉट बदलला की आधी कागदी निशाण्यावर मारून बघतो. भावानं थंडीत एकदा तरी कागदावर मारलं का? की थेट हरणावर?

रंकाळाकाठ: थेट हरणावर. हे चुकलंच. तरी @तांबडा_पांढरा, उलटा विचार कर. तीन बोटं चुकली तर हरीण पळेल, पण थंडीत शेवटच्या मर्यादेपर्यंत भरलेलं काडतूस उन्हात तापलेल्या गाडीतून काढून मारलं तर? दाब वर, रायफलीचा बोल्ट उघडता उघडत नाही, काडतुसाच्या बुडाची ठिणगीची टोपी चपटी. म्हणून मी ऋतू म्हणतोय.

तांबडा_पांढरा: हे पटलं. पण त्यासाठी दोन काडतुसं कशाला? कमाल उन्हात तपासून हात राखून भरलेलं एकच बास. तापमानानं कमी बदलणाऱ्या पावडरीही मिळतात आता. वीतभराचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही. स्कोपचे (रायफलीवरच्या दुर्बिणीचे) स्क्रू कधी आवळलेत म्हणावं?

रंकाळाकाठ: विचारलं. "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला.