मदत हवी आहे : कच्ची अंडी खावीत आणि भात सोडावा, हे कितपत बरोबर?

नमस्कार. माझा १७ वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो. वजन ५८ किलो. त्याच्या प्रशिक्षकांनी भात पूर्ण बंद करून रोज सकाळी सहा कच्ची अंडी घेण्यास सांगितले आहे, कारण शिजवल्याने अंड्यातील ताकद जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या वाचनाप्रमाणे गोष्ट नेमकी उलट आहे : शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने पचतात, तर कच्च्यातील जेमतेम निम्मी, शिवाय साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गाचा धोका वेगळाच. भाताबाबतही मला शंका आहे, कारण सततच्या चढाया आणि पकडींसाठी लागणारी बरीचशी ऊर्जा स्नायूंमधल्या ग्लायकोजेनमधून (साठवलेल्या शर्करेतून) येते आणि तो साठा मुख्यत्वे पिष्टमय पदार्थांतून भरून निघतो. (हल्ली सरावाहून आल्यावर तो पुस्तक उघडताच डुलक्या घेतो.)

खेळाडूंना दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे त्याला दिवसाला साधारण ७० ते ११६ ग्रॅम. डाळ, उसळी, दूध आणि तीन-चार उकडलेली अंडी यांतून एवढे भागेल का? आणि प्रशिक्षकांचा मान राखून हे त्यांना कसे सांगावे? आहारतज्ज्ञांनी किंवा अनुभवी पालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.