शब्दचर्चा : 'सॉफ्टवेअर मिक्सरमधून मॉनिटरिंग' आणि 'सॉफ्टवेअर मॉनिटरिंग'

अनुस्वार :
ऑडिओ इंटरफेसच्या (माईक संगणकाला जोडणाऱ्या डब्याच्या) मराठी माहितीपत्रकात एक वाक्य आहे: 'रेकॉर्डिंगच्या वेळी इनपुटचे संनियंत्रण सॉफ्टवेअर मिक्सरद्वारे करावे.' 'मॉनिटरिंग'साठी, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना स्वतःचा आवाज ऐकण्यासाठी, 'संनियंत्रण' खटकतं. तो 'संनियंत्रण व मूल्यमापन' असल्या सरकारी अहवालांतला शब्द. 'देखरेख' लिहिलं तर कुणीतरी मिक्सरपुढे पहाऱ्याला बसलंय असं वाटतं. शिवाय चार ओळींनंतर 'सॉफ्टवेअर मॉनिटरिंग बंद ठेवावे' असंही आहे. आधी मिक्सरमधून करा म्हणायचं आणि लगेच बंद ठेवा म्हणायचं, हे कसं? 'इनपुट'ला काही सुचत असेल तर तेही सांगा.

वायरमन :
दोन्ही सूचना बरोबर आहेत. घोळ नावात आहे.

माईकचा सिग्नल इंटरफेसमध्ये शिरतो, प्रीअँपमध्ये वाढतो, कन्व्हर्टरमध्ये त्याचे आकडे होतात. तिथे वाट फुटते. एक फाटा इंटरफेसच्या आतल्याच चिपवरून वळून हेडफोनकडे जातो. दुसरा यूएसबीने संगणकात जातो, रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममधून फिरतो आणि परत येतो. या दुसऱ्या वाटेने स्वतःचा आवाज ऐकणं म्हणजे सॉफ्टवेअर मॉनिटरिंग. इंटरफेसबरोबर येणारे टोटलमिक्स, फोकसराइट कंट्रोल, क्यूमिक्स यांना आपण 'सॉफ्टवेअर मिक्सर' म्हणतो खरं, पण मिसळण्याचं काम इंटरफेसमधली चिप करते. पडद्यावरचे फेडर हा नुसता रिमोट. म्हणजे सॉफ्टवेअर मिक्सरमधून केलेलं मॉनिटरिंग हे हार्डवेअर मॉनिटरिंगच.

दोन वाटांच्या विलंबात फरक किती, तेही पत्रकात असू द्या. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे ५.८ मिलिसेकंद. जाताना एक, येताना एक, म्हणजे ११.६, वर कन्व्हर्टर आणि यूएसबीचे आणखी काही. बफर ५१२ केला की नुसत्या बफरचेच २३ होतात. चिपवरच्या वाटेत बफर येतच नाही, त्यामुळे तो १०२४ ठेवला तरी गाणाऱ्याला फरक पडत नाही आणि संगणकही अडखळत नाही.

काळी चार :
मूळ शब्दाबद्दल. मंचावर 'मॉनिटर वाढवा' म्हणतात तेव्हा कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर अभिप्रेत असतो. स्टुडिओत हेडफोन असतात, तिथे 'कानात तबला कमी द्या', 'कानात तानपुरा वाढवा' असं बोललं जातं. माझ्या मते क्रियापद तिथूनच उचलावं: कानात देणे, कानात घेणे. सूचनेच्या औपचारिक भाषेत 'ऐकणे' पुरे. 'मॉनिटरिंग' हे नाम आहे तसंच राहू द्या; शाळेतल्या मॉनिटरशी किंवा संगणकाच्या मॉनिटरशी त्याची गल्लत होण्याची भीती नाही. 'इनपुट'ला पारिभाषिक 'आदान' आहे, पण इंटरफेसवर कुणी ते शोधणार नाही. 'निविष्टी' तर नकोच, खत-बियाण्याच्या दुकानाची पाटी वाटेल.

१०-१२ मिलिसेकंदांनी एवढं काय बिघडतं, असं वाचक विचारतील. हवेत आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंद हे साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराइतकं अंतर. तबलजी ते सहज चालवून घेतो. गाणाऱ्याचं तसं नाही. त्याचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो आणि हेडफोनमधून उशिरा. दोन्ही मिसळले की काही कंप्रता एकमेकींना खातात आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो. मग गायक उगाच जोर लावतो किंवा सूर सोडतो, आणि दोष माईकला दिला जातो.

तंबोरा :
हाच पोकळपणा दोन्ही वाटा एकाच वेळी चालू राहिल्या तरी येतो. 'सॉफ्टवेअर मॉनिटरिंग बंद ठेवावे' ही सूचना त्यासाठीच आहे. २ मिलिसेकंदांच्या फरकाला पहिला खड्डा (म्हणजे खाल्ली गेलेली कंप्रता) २५० हर्ट्झला पडतो, पुढचा ७५० ला, मग १२५० ला. नेमका गळ्याचा भाग. फरक ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की पोकळपणाऐवजी चक्क दुहेरी आवाज येतो.

बंद कुठे करायचं तेही लिहा, नाहीतर लोक टोटलमिक्समध्ये शोधत बसतील. हे रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये असतं: रीपरमध्ये ट्रॅकवरचं रेकॉर्ड मॉनिटरिंगचं बटण, एबलटनमध्ये ट्रॅकचा मॉनिटर 'ऑफ'वर, लॉजिकमध्ये ऑडिओ सेटिंगमधली सॉफ्टवेअर मॉनिटरिंगची खूण. क्यूबेसमध्ये थोडी गंमत आहे. तिथे ड्रायव्हरच्या पानावर डायरेक्ट मॉनिटरिंगची खूण असते. ती केली आणि इंटरफेसला ती सोय असेल, तर ट्रॅकवरचं मॉनिटरचं बटण इंटरफेसच्याच मिक्सरला हुकूम सोडतं. टोटलमिक्समधले फेडर आपोआप हलताना दिसले तर कारण हे.

कोणती वाट चालू आहे हे ओळखायला मिक्सरमधला प्लेबॅक १-२ (संगणकातून येणारा आवाज) म्यूट करून माईकमध्ये बोलायचं. आवाज तसाच आला तर थेट वाट, गेला तर प्रोग्रॅममधून फिरून येत होता, नुसता पातळ किंवा स्वच्छ झाला तर दोन्ही चालू होत्या.

अनुस्वार :
'थेट वाट' आणि 'फिरून येणारी वाट' घेते. मिक्सरमधल्या कृतीसाठी कोणते शब्द वापरू? 'राउटिंग', 'सबमिक्स' वगैरे आहेत.

तंबोरा :
तसेच ठेवा, पडद्यावर तेच दिसतात. फक्त 'सबमिक्स' एकदा उलगडा: एका आउटपुटसाठी केलेलं स्वतंत्र मिश्रण. टोटलमिक्समध्ये तीन ओळी आहेत: वर इनपुट, मधे संगणकातून येणारा प्लेबॅक, खाली आउटपुट. सबमिक्सची पद्धत निवडलेली असताना आधी खालच्या ओळीत गायकाच्या हेडफोनवर क्लिक करायचं, मगच वरच्या दोन ओळींतले फेडर त्या हेडफोनपुरते चालतात. ही पहिली क्लिक राहिली की आवाज भलत्याच हेडफोनात वाढतो. म्हणून वाक्यातला क्रम महत्त्वाचा: 'आउटपुट निवडा, मग इनपुट वाढवा.' उलटं लिहू नका.

ख्यालाच्या रेकॉर्डिंगचं उदाहरण द्यायचं तर गायकाच्या हेडफोनात गळा आणि ॲपवरचा तानपुरा पुढे, पेटी त्याखाली, डग्गा अगदी बेताचा. तबलजीच्या हेडफोनात गळा आणि पेटी. स्वतःचा तबला त्याला हवेतूनच पुरेसा ऐकू येतो. यातला तानपुरा संगणकातून येत असेल तर तो मधल्या ओळीत सापडेल.

फोकसराइट कंट्रोलमध्ये मिक्सर असलेल्या मोठ्या मॉडेलांना आधी आउटपुट 'कस्टम मिक्स'वर न्यावं लागतं. ते 'प्लेबॅक'वर राहिलं की रेकॉर्डिंग व्यवस्थित होतं, फक्त माईक कानात येत नाही. आणि कस्टम मिक्समध्ये प्लेबॅक १-२ घातला नाही की माईक येतो, तानपुरा जातो. तक्रार म्हणून दोन्ही सारख्याच वाटतात: 'आवाज येत नाही.'

अनुस्वार :
पत्रकात पुढे आहे: 'मिक्सरमधून इनपुटची पातळी योग्य ठेवावी.' चालेल?

वायरमन :
अजिबात नाही. हे वाक्य नुकसान करेल. मिक्सरचा फेडर फक्त कानातला आवाज ठरवतो. रेकॉर्ड होणारी पातळी ठरते ती प्रीअँपच्या गेनवर. सिग्नल कन्व्हर्टरमध्येच फाटला असेल तर फेडर खाली ओढून फक्त फाटका आवाज बारीक होतो. उलट फेडर तळाला असला तरी ट्रॅकवर पूर्ण सिग्नल उतरतो. (काही इंटरफेसमध्ये आतल्या ईक्यू-कंप्रेसरचा असर रेकॉर्डिंगवरही घेता येतो, युनिव्हर्सल ऑडिओच्या कन्सोलमध्ये 'रेक' आणि 'मॉन' असा खटका आहे. तो 'मॉन'वर असला की असर फक्त ऐकण्यापुरता.)

असं लिहा: 'गेन असा ठेवा की सर्वांत मोठ्या आवाजाचं शिखर वजा १० ते वजा ६ डेसिबलच्या आसपास थांबेल. त्यानंतर कानातला आवाज मिक्सरमधून ठरवा.' तबल्यासाठी गेन बांधताना ठेका वाजवून भागत नाही, तिहाईतली जोरकस थाप वाजवून घ्यावी. आणि दोन्ही वाक्यांत 'पातळी' एकच शब्द नको. गेनसाठी 'पातळी', फेडरसाठी 'कानातला आवाज'.

काळी चार :
शब्दांबरोबर दोन अडचणीही नोंदवा. 'आवाज एकाच कानात येतो': इनपुट १-२ स्टिरिओ जोडीत बांधलेले असतात, म्हणून पहिला माईक डावीकडे जातो. जोडी सोडा आणि पॅन (डाव्या-उजव्या कानातला तोल) मधे आणा. दुसरी 'गळती': हेडफोनमधली क्लिक (लयीची टकटक) किंवा तानपुरा माईकमध्ये उतरणं. बंद पाठीचे हेडफोन घ्या, क्लिक कमी करा. एक कान उघडा ठेवून गाणाऱ्यासाठी पॅन त्याच्या झाकलेल्या कानाकडे न्या, नाहीतर उघडा कप माईकपाशी वाजत राहतो.

लूपबॅक (संगणकातला आवाज परत इनपुट म्हणून घेणं) वापरणार असाल तर तो ज्या ट्रॅकवर रेकॉर्डला लावलाय त्याचं मॉनिटरिंग बंद हवं. नाहीतर आवाज स्वतःतच फिरत वाढतो आणि कानठळ्या बसतात. पहिल्यांदा लावताना हेडफोन डोक्यावर नको.

अनुस्वार :
नवीन वाक्य: 'रेकॉर्डिंग करताना स्वतःचा आवाज इंटरफेसच्या मिक्सरमधून ऐका, रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममधलं मॉनिटरिंग बंद ठेवा.' यातून 'सॉफ्टवेअर' दोन्ही ठिकाणी गळलं. आता राहिलं डब्यावरचं 'झीरो लेटन्सी'. 'शून्य विलंब' लिहू?

वायरमन :
वाक्य पक्कं. 'शून्य' मात्र कन्व्हर्टरच्या आधीच वळणाऱ्या पूर्ण ॲनालॉग वाटेलाच शोभतं. चिपवरून वळणाऱ्या वाटेत कन्व्हर्टरचा थोडा वेळ जातोच. 'जाणवणार नाही इतका विलंब' लिहा. 'विलंबित' मात्र कुठेही नको, वाचणारा लय समजेल.