कार्ब्युरेटरच्या जिप्सीला हाताचा ॲक्सिलरेटर बसवावा का?

खानापूरकर:
नमस्कार. माझ्याकडे १३०० सीसीची, कार्ब्युरेटर असलेली जिप्सी किंग आहे. कणकुंबीच्या अलीकडे आमचे शेत असून पावसाळ्यात तिथवरची वाट म्हणजे लाल चिखल, उघडे पडलेले जांभ्याचे दगड आणि मध्ये एक ओढा. फोर-एलमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सर्वांत हळू गतीच्या जोडणीत) पहिल्या गिअरवर दगड ओलांडताना गाडी डोलते, त्यासरशी पेडलवरचा पाय कमी-जास्त दाबला जातो आणि गाडी गचके खात पुढे जाते. पाय उचलावा तर इंजिन बंद पडते. शिवाय यंदा पुढे इलेक्ट्रिक विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) बसवली आहे. ती वापरताना बॅटरी फार लवकर उतरते. ट्रॅक्टरला असतो तसा हाताचा ॲक्सिलरेटर बसवण्याचा विचार आहे. मेस्त्री चोकची केबल वापरू म्हणतात. ते योग्य ठरेल का, आणि लिव्हर कोठे असावी?

उद्यमबाग:
चोकच्या केबलने काम होते, परंतु मी ती बसवणार नाही. तिची तार एकेरी व ताठ असते. ती थ्रॉटलच्या (कार्ब्युरेटरमधील झडपेच्या) आर्मला स्क्रूने आवळली की पेडल दाबताना तीही सोबत ओढली जाते आणि पेडल सोडल्यावर नळीतल्या घर्षणामुळे थ्रॉटल पूर्ण मिटेलच याची खात्री राहत नाही. त्यातून आपल्याकडचा लाल चिखल एकदा नळीत शिरला की मग विचारायलाच नको.

त्याऐवजी सायकलच्या गिअरची जुन्या पद्धतीची लिव्हर शोधावी, जी टप्प्याटप्प्याने न सरकता ओढू तेथे घर्षणाने थांबते. तिची तार पीळदार व लवचिक असते. कोणत्याही लेथवर एक लहान पितळी पिन करून ती थ्रॉटलच्या आर्मवर बसवावी. पिनच्या भोकातून तार सैल सरकली पाहिजे आणि तारेची घुंडी पिनच्या पलीकडे राहिली पाहिजे. लिव्हर ओढली की घुंडी पिनला खेचते. पेडल दाबले की मात्र पिन घुंडीपासून सुटून एकटीच पुढे जाते. लिव्हर पूर्ण सोडलेली असताना घुंडी आणि पिन यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवावे, नाहीतर इंजिनाचे आयडलिंग (पेडल न दाबता असलेला वेग) कायमचे वाढलेले राहील. आर्मला एक जादा रिटर्न स्प्रिंगही लावावी.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती नळी बांधताना. इंजिनाकडील तिचे टोक बॉडीला न बांधता कार्ब्युरेटरच्याच ब्रॅकेटला बांधावे. इंजिन रबरी माउंटिंगवर हलत असते. टोक बॉडीला असेल तर प्रत्येक हादऱ्याला तार आपोआप ताणली जाते, आणि ज्या गचक्यांसाठी हा सारा खटाटोप केला तेच परत सुरू होतात. नळीला मध्ये थोडा बाक असू द्यावा आणि ती एक्झॉस्टपासून दूर न्यावी.

लिव्हर गिअरच्या दांड्यावर, मुठीच्या थोडी खाली बसवावी. डॅशबोर्डवरील मूठ पट्टा लावल्यावर हाताला येत नाही.

निपाणीचा जीपवाला:
वरील जोडणीबद्दल माझे दुमत नाही, पण खानापूरकरांनी आधी स्लो स्क्रू (आयडलिंग ठरवणारा स्क्रू) आणि प्लग तपासावेत. फोर-एलमध्ये पहिल्या गिअरवर पाय काढताच इंजिन बंद पडत असेल तर दोष बहुधा सेटिंगमध्ये आहे.

विंचसाठी मात्र हा ॲक्सिलरेटर खरोखर उपयोगी आहे. नऊ हजार पौंडांच्या वर्गातील विंच पूर्ण भारावर चारशे अँपिअरच्या आसपास करंट ओढते. जिप्सीचा अल्टरनेटर त्याचा अल्पसा भागच देऊ शकतो, आणि आयडलिंगवर तर तेवढाही नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवून थोडे थोडे ओढावे व मध्ये थांबावे. उतारावर मात्र या ॲक्सिलरेटरला हात लावू नये. ब्रेक दाबल्याने तो सुटत नाही, आणि उतरताना आपल्याला इंजिनाचा रोध हवा असतो, जोर नव्हे. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी लिव्हर पूर्ण मागे आहे ना, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

बैलहोंगल:
माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० डिझेल जीप आहे. तिलाही असे करता येईल का?

उद्यमबाग:
करता येईल, पण दगडांवरून हळू जाण्यासाठी गरज पडू नये. डिझेलच्या पंपातील गव्हर्नर (वेग राखणारी यंत्रणा) आयडलिंग स्वतःच सांभाळतो. भार आला की डिझेल वाढवतो. विंचसाठी बसवायचा असेल तर बंद करण्याची केबल आधी तपासा. पेट्रोल गाडी किल्ली फिरवली की बंद होते. ज्या जुन्या पंपाला सोलेनॉइड (डिझेल तोडणारी विजेची झडप) नसतो ती डिझेल गाडी किल्लीने बंद होत नाही. सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिनाच्या थारमध्ये पेडलच इलेक्ट्रॉनिक असल्याने पंपाकडे केबल ओढण्याचा प्रश्नच येत नाही.

खानापूरकर:
आभारी आहे. प्लग आणि स्लो स्क्रू या आठवड्यात पाहून घेतो, पिनही करायला देतो. जोडणी बरोबर झाली हे कसे ओळखावे?

उद्यमबाग:
इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा. एकाने लिव्हर अर्धी ओढून पेडल तळापर्यंत दाबावे व एकदम सोडावे. आर्म लिव्हरच्या जागी परत येऊन थांबला पाहिजे. मग लिव्हर सोडावी. आर्म स्लो स्क्रूवर टेकल्याचा टक असा आवाज ऐकू आला पाहिजे. तो आला नाही तर गाडी सुरू करू नका.