सल्ला हवा: टांझानियाहून मपिंगोचं लाकूड आणायचंय, कस्टम्सचं काय?

सनईवाला_कुडाळ
नमस्कार मंडळी. कुडाळजवळ माझं कातकामाचं छोटं वर्कशॉप आहे. लाटणी, पाटाचे पाय, पाळण्याचे दांडे ही रोजची कामं, पण जीव रमतो तो सनईच्या नळ्या कातण्यात. आजवर बहुतेक शिसवातच केल्या.

बहीण दार-ए-सलामला असते, दिवाळीनंतर तिच्याकडे जायचं चाललंय. तिकडे मपिंगो होतो. क्लॅरिनेट आणि ओबो ज्याचे करतात ते काळं लाकूड. त्याची एक तरी सनई करायची फार इच्छा आहे. दीड फूट लांब, दोन इंच जाड असे तीन-चार चिरीव तुकडे बॅगेतून आणता येतील का? कागद काय लागतील? आणि गोव्यात मोपाला उतरू की मुंबईला?

कागदपत्रं_उरण
दादा, आयात-निर्यातीची कागदपत्रं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ड्युटीची काळजी करत असाल, पण ती सगळ्यात शेवटची. आधी दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक केली म्हणून दुसरी सुटत नाही.

पहिली सायटीस, म्हणजे रानटी प्राणी-झाडांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. मपिंगो हा आपल्या शिसवाचाच भाऊबंद, दोन्ही डालबर्जिया या गटातले. २ जानेवारी २०१७ पासून हा जवळजवळ अख्खा गट सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे व्यापाराला बंदी नाही, पण ज्या देशातून माल निघतो तिथल्या सायटीस कार्यालयाचा निर्यात परवाना हवा. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी वन्यजीव संरक्षण कायद्यातच आली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. त्यामुळे ‘तीन-चारच तुकडे आहेत हो’ हे उत्तर चालत नाही.

दुसरी प्लांट क्वारंटाइन, म्हणजे झाडा-लाकडातून येणारी कीड-रोग रोखायची तपासणी. कच्च्या लाकडासोबत बुरशी आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या येतात, म्हणून २००३ चा आयात आदेश आहे. आपल्याकडचा आयात परवाना माल निघण्याआधी हातात हवा आणि तिकडच्या सरकारी खात्याचा फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचा) दाखला हवा, त्यावर धुरी दिल्याची किंवा उष्णता दिल्याची नोंद असलेला. साल अजिबात नको. मुंबईचं क्वारंटाइन केंद्र शिवडीला आहे, अर्ज ऑनलाइन होतो.

आता कामाची गोष्ट. सायटीसच्या २०१९ च्या जिनिव्हा बैठकीत तयार वाद्यं, वाद्यांचे तयार भाग आणि वाद्यासोबतचं तयार साहित्य यांना डालबर्जियाच्या नियमातून सूट मिळाली. इतर तयार वस्तूंनाही सूट आहे, त्यातलं लाकूड एका खेपेत १० किलोच्या आत असेल तर. तुमचे चिरीव तुकडे यातल्या कशातच बसत नाहीत, कारण ते अजून कातायचे आहेत.

दाभोळ_बंदर
बोटीवर असताना दार-ए-सलामला बरंच जाणं व्हायचं. म्वेंगेच्या बाजारात मकोंडे जमातीच्या कारागिरांचं कोरीव काम बघाच, एकाच खोडातून एकमेकांच्या खांद्यावर चढलेली माणसं कोरतात. पण तिथे हलक्या लाकडाला काळं बूटपॉलिश फासून मपिंगो म्हणून गळ्यात मारणारेही भेटतात. वस्तू उलटी करून तळाला नखाने खरवडा, ओला रुमाल घासून बघा. खरा मपिंगो पाण्यात बुडतो. तुम्ही सांगता त्या मापाचा एकेक तुकडा दीड किलोच्या आसपास भरेल. बाहेरचं कोवळं लाकूड फिकट पिवळं आणि आतला गाभा जांभळट काळा, ही सीमा तुकड्याच्या टोकाला स्पष्ट दिसते.

आंब्याची_बाग_देवगड
माझ्या मावसभावाने आफ्रिकेतून एक कोरीव तिपाई आणली. पायाला शोभेसाठी साल ठेवलेली. ग्रीन चॅनलमधून (जाहीर करण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेने) निघाला, एक्स-रेत दिसली, आणि तीन तास उभं राहून शेवटी तिपाई तिथेच सोडावी लागली. साल नसती आणि आधी सांगितलं असतं तर कदाचित मिळाली असती.

कागदपत्रं_उरण
देवगडच्या ताईंचा मुद्दा महत्त्वाचा. लाकूड असलं की रेड चॅनललाच, म्हणजे सामान जाहीर करायच्या वाटेलाच जायचं, कस्टम्सच्या ‘अतिथी’ ॲपवर आधीच नोंद करता येते. कस्टम्स कायद्याच्या कलम ८० प्रमाणे, खरं जाहीर केलेली वस्तू आत नेता येत नसेल तर ती ठेवून घेऊन परत परदेशी जाताना देण्याची विनंती करता येते. लपवलेल्या वस्तूला ती सोय नाही. आणि सनईवाले, मुंबईच धरा. क्वारंटाइन शिवडीला, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो नवी मुंबईत. शंका निघाली तर त्याच दिवशी कुणाला तरी भेटता येतं.

सनईवाला_कुडाळ
खूप आभार. म्हणजे बहिणीकडे लेथची सोय करून तिथेच नळी कातली, भोकं पाडली, तर?

कागदपत्रं_उरण
पूर्ण झालेली, फुंकली की वाजेल अशी सनई असेल तर ते तयार वाद्य. अर्धवट भोक पाडलेला दांडा दाखवून ‘वाद्याचा भाग’ म्हणू नका, अधिकारी तो कच्चा मालच धरेल आणि त्याचं चुकणार नाही. लाकूड घेतल्याचं बिल जपा, त्यावर झाडाचं शास्त्रीय नाव, डालबर्जिया मेलॅनॉक्सिलॉन, लिहून घ्या. जमलं तर किल्वा जिल्ह्यातला माल बघा. तिथल्या गावांच्या सामूहिक जंगलांना २००९ मध्ये एफएससी (जंगल नीट राखून लाकूड काढल्याचं) प्रमाणपत्र मिळालं, लाकडाचा पैसा गावात राहतो. तयार वस्तूलाही तिकडच्या वनखात्याचा कागद लागतो का, हे बहिणीला आताच विचारायला सांगा. विमानतळावर पहिली अडवणूक तिकडेच होते.

आबा_वेंगुर्ले
बाबू, जा, बघून ये. पण चिंचेचो गाभो कधी कातून बघलंस काय? जुन्या चिंचेच्या पोटात काळपट जांभळा लाकूड मिळता, लोखंडासारख्या. आमचे म्हातारे त्याचीच मुसळां करीत. सनई करून बघ, माका आयकूची आसा.

सनईवाला_कुडाळ
आबा, मुसळं बघितलीत, नळी नाही केली कधी. गेल्या पावसात पडलेली जुनी चिंच कणकवली-सावंतवाडी पट्ट्यात कुणाकडे असेल तर कळवा, गाभा हाताएवढा तरी जाड हवा. वाहतुकीला काय परवाना लागतो ते मी वनखात्यात विचारून घेतो.

दाभोळ_बंदर
चिरल्यावर त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण लावा, नाहीतर आठवड्यात तडकेल. आणि माळ्यावर सावलीत ठेवा, पत्र्याखाली नको.