विषय: बर्फाखालची बाग आणि रुसलेला कढीलिंब

सर्वांना नमस्कार,
मिनियापोलिसमधला हा माझा दुसरा हिवाळा. ऑक्टोबरात घरात आणलेला कढीलिंब पिवळा पडून भराभर पानं गाळतोय. उन्हाळ्यात दारचा दोडका रोज बघायला जायचे, तेवढंच मला इथलं आपलं वाटायचं. आता खिडकीबाहेर नुसतं पांढरं. मे महिन्यापर्यंत तुम्ही सगळे काय करता हो?
– मंडळातली नवी सभासद

*

अगं, आधी कढीलिंबाचं बघू. खोड नखाने हलकेच खरवड. आत हिरवं दिसलं तर काळजी नको, थंडीत तो पानं टाकतोच. दक्षिणेच्या खिडकीत ठेव, हीटरच्या झोतापासून लांब. वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी नको. लाडाने रोज पाणी घालून मी दोन झाडं घालवली आहेत. खत मार्चपर्यंत बंद.

२१ डिसेंबरला आपल्याकडे दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो हे आजी सांगायची, पण ते मला दिसलं इथे, खिडकीतल्या मेथीवर. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिवस दहा तासांवर येतो आणि तीच मेथी एकदम अंग धरते.

पण माझा खरा जीव दुधाच्या कॅनमध्ये आहे. गॅलनचा पारदर्शक कॅन मधोमध कापायचा, एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा, तळाला भोकं पाडायची. चार बोटं ओली माती, त्यावर मिल्कवीड किंवा कोनफ्लॉवरचं बी. चिकटपट्टीने बंद करून, झाकण काढून, सरळ बर्फात! मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या ज्यावर जगतात त्या मिल्कवीडच्या बियांना आधी काही आठवडे ओली थंडी लागतेच. ज्या थंडीने तू कंटाळलीस, तिच्यावाचून ते बी उठत नाही. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये कॅनमध्ये डोकावले तेव्हा हिरवे ठिपके बघून मी तिथेच चिखलात बसले होते.
– ईगनची काकू

*

काकूंच्या पत्राला थोडी जोड. जुनं बी फेकू नका: दहा दाणे ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून उबेला ठेवा, कितींना मोड येतात ते मोजा. गेल्या वर्षी माझ्या वालाच्या दहापैकी सातांना मोड आले, म्हणून थोडं दाट पेरलं. मार्चमध्ये मिरची, एप्रिलच्या सुरुवातीला टोमॅटो घरातच पेरा. आणि कृपा करून भारतातून बी बॅगेत घालून आणू नका, कागदपत्रांशिवाय ते आणायला बंदी आहे. रोग-कीड इथल्या शेतांत शिरली तर निस्तरणं कठीण.

फारच उदास वाटलं तर सेंट पॉलच्या कोमो पार्कमधलं १९१५ सालचं काचघर गाठा. बाहेर उणे वीस, आत ताडाची झाडं आणि ओल्या मातीचा वास. मी जानेवारीत दर रविवारी जातो.

अळूचे कंद तळघरात पीट मॉसमध्ये ठेवले आहेत. मेअखेरीस थंडी गेली की चार घेऊन जा.
– सेंट पॉलहून एक सभासद

*

काका, काकू, आत्ताच खरवडून पाहिलं. हिरवं आहे! दुधाचा कॅन उद्या रिकामा होतोय.